पल्लावरमच्या टॅनरीची केस

अण्णा नगर

मी मद्रासला पोचले त्या सकाळी शहरभर धूर होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. शहराचं नाव अजून मद्रासच होतं. सेंट्रल स्टेशनवरून टॅक्सीनं अण्णा नगरकडे जाताना दर वळणावर जुन्या चटया, फाटक्या टोपल्या, मधूनच सायकलचा एखादा टायर जळताना दिसत होता. काय झालंय म्हणून मी घाबरून ड्रायव्हरला विचारलं. तो एकच शब्द बोलला, भोगी. आमच्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि वाटाणा-वांगी-गाजर घालून केलेली एकत्र भाजी. इथं भोगी म्हणजे घरातलं जुनं ते सगळं जाळायचं. मी आले होते पर्यावरण व्यवस्थापन शिकवायला, आणि शहरात पाय ठेवल्याबरोबर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

एका मॅनेजमेंट कॉलेजनं मला तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. पुण्यात मी हाच विषय शिकवत असे. व्यवसाय शिकायला आलेल्या मुलांना सांडपाणी, धूर, कचरा यांत काडीचा रस नसायचा. पुस्तकातून सांगायला गेलं की अर्धा वर्ग पेंगायचा. म्हणून मी केस वापरायचे. केस म्हणजे एखाद्या कंपनीची खरी हकिगत: मालक कोण, माल काय, पाणी येतं कुठून, जातं कुठं, गाडं अडलं कुठं. शेवटी चार-पाच प्रश्न. उत्तर छापलेलं नसतं. मुलांनी मालकाच्या खुर्चीत बसायचं आणि ठरवायचं.

माझी राहायची सोय कॉलेजचे ग्रंथपाल गोपाळराव यांच्या घरी केली होती. हे कुटुंब तंजावरकडचं. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज दक्षिणेत गेले ते तिथलेच झाले, पण घरात मराठी टिकली. त्यांच्या पत्नी इंदिराबाई दारातच उभ्या होत्या.

"यावें. प्रवास सुखाचा झाला कीं? तोंड धुवून घ्या, कापी देतें."

शब्द जुन्या पत्रातले आणि चाल तमिळ, वाक्याच्या शेवटी आवाज वर जाणारी. वाटीत ठेवलेल्या पितळी पेल्यातून कॉफी आली. ती पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून ओतून निववायची असते. मी निम्मी साडीवर सांडली. इंदिराबाईंनी ओलं फडकं पुढं केलं.

त्या घरी मी तीन आठवडे जेवले आणि रोज काहीतरी ओळखीचं अनोळखी रूपात भेटत राहिलं. कोशिंबिरीला त्या कोसमळी म्हणत. पिट्लै नावाचा पदार्थ वाढला तेव्हा मी पिठल्याची वाट पाहत होते. निघाली चिंचेच्या कोळातली डाळ आणि कारलं. चिंचेच्या कोळातल्या वांग्यांची रसवांगी मात्र अशी की मी तिसऱ्यांदा मागून घेतली. जेवणं झाली की त्या मला स्वयंपाकघरात बसवून घेत आणि बोलायला लावत. विषय कोणताही चाले. त्यांची मुलं मोठी होती, आईनं मराठीत विचारलेल्याला तमिळमध्ये उत्तर देत. एकदा मी विचारलं, माझं सगळं कळतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "सगळें नाहीं कळत. तुम्ही बोलत राहा. कानांस बरें वाटतें."

कानाला बरं वाटणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. इचलकरंजीची मराठी, आमच्या दादाची, 'काय करायलीस' म्हणून फोनवर विचारणारी, मी चार वर्षांत ऐकली नव्हती.

दादा

दादा माझा मोठा भाऊ. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तो बारावीत होता. त्यानं शाळा सोडली आणि आमचा कापड रंगवायचा कारखाना हातात घेतला. त्या कारखान्यावर माझं शिक्षण झालं, पुण्यातलं वसतिगृह झालं, लग्न झालं.

पुढं मी हा विषय शिकवू लागले आणि एका सुट्टीत माहेरी गेले असताना दादानं मला हौसेनं कारखाना फिरून दाखवला. नवी यंत्रं दाखवली. मागचा ओढाही दाखवला, आज लाल, उद्या निळा. मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला परतले आणि इंग्रजीत केस लिहून काढली. गावाचं नाव बदललं, मालकाचं बदललं, पण ओढा ठेवला आणि वडिलांनी ओढ्याकाठी लावलेली नारळाची दोन झाडंही ठेवली, कारण ती लिहिताना फार छान वाटली. मालकाबद्दल एक वाक्य लिहिलं: उत्पादन वाढण्यापलीकडे त्याला कशाचीही फिकीर नाही. केस छापून आली, वाखाणली गेली. कोल्हापूरच्या एका शिबिरात ती शिकवली गेली तेव्हा नारळाच्या झाडांवरून कुणीतरी कारखाना ओळखला. प्रदूषण मंडळाची नोटीस आली. कारखाना चार महिने बंद राहिला.

दादा तेव्हा पुण्याला आला होता. पाणीसुद्धा प्यायला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "तू बहीण म्हणून आलतीस का मास्तरीण म्हणून? तेवढं सांग."

त्यानंतर भाऊबीजेला मी पत्र पाठवायचे, वहिनीचं दोन ओळींचं उत्तर यायचं. दादा बरे आहेत, एवढंच. कारखाना पुन्हा सुरू झाल्याचंही मला दुसऱ्यांकडूनच कळलं. आणि तरी ती केस मी दर वर्षी शिकवत होते, कारण माझ्याजवळ तिच्याइतकी चांगली केस दुसरी नव्हती.

वर्ग

पोंगलची सुट्टी संपली आणि तास सुरू झाले. चाळीस मुलं. पहिल्याच दिवशी वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला, आणि मला तोंडी सांगावं लागलं. तेच बरं झालं. दुसऱ्या आठवड्यात मी दादाची केस वाटली. मुलं इंग्रजीत तावातावानं भांडली. कुणी मालकाला दंड ठोठावला, कुणी कारखाना विकून टाकला. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. डोक्यावरून पदरासारखी घेतलेली ओढणी, समोर शाईपेन. नाव जुबेदा.

"मॅडम, हे छापण्याआधी मालकाला वाचून दाखवलं होतं का?"

वर्गात कुणाला काही कळलं नाही. मी म्हटलं, नाही. ती थँक यू म्हणून खाली बसली. मी फळा पुसायला वळले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तास संपल्यावर ती माझ्यामागून कॅंटीनमध्ये आली. तिच्या वडिलांची पल्लावरमला टॅनरी होती, म्हणजे कातडी कमावण्याचा कारखाना. सत्राच्या शेवटी प्रत्येकानं एक केस लिहून आणायची होती आणि तिला घरच्याच कारखान्याची लिहायची होती. टॅनऱ्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण तेव्हा कोर्टात गाजत होतं. त्या धंद्यातली माणसं बाहेरच्याशी बोलायला धजत नव्हती. तिनं मला विचारलं, लिहू का? नावं बदलीन, कुणाला कळणार नाही.

कळतं, असं मी तिला सांगितलं. का ते सांगितलं नाही. आधी वडिलांना विचार, लिहिलेलं पान अन् पान वाचून दाखव, आणि ते नको म्हणाले तर दुसरा कारखाना शोध, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "ते नको म्हणाले तर मला फार वाईट वाटेल. कारण दुसऱ्या कुठल्या पाण्याबद्दल मला लिहायचंच नाहीये."

जॉर्ज टाउन

त्या शनिवारी मी चुकीच्या बसमध्ये चढले. पाट्या तमिळमध्ये, कंडक्टरचं बोलणं तमिळमध्ये, आणि मी आत्मविश्वासानं मान डोलावत बसलेली. अण्णा नगरऐवजी उतरले ती जॉर्ज टाउनला, बंदराजवळच्या घाऊक बाजारात. एकेका गल्लीत एकच माल: एका गल्लीत नुसता कागद, दुसरीत नुसती कुलपं. हिंगाच्या वासानं माझी वाट ठरवली आणि मी झाडपाल्याच्या दुकानांपाशी आले. एका पोत्यात तपकिरी सालीचे तुकडे होते. व्यापाऱ्यानं शेजारच्या टोपलीतली त्याच झाडाची पिवळी वाळकी फुलं दाखवून नाव सांगितलं, आवारम. मी फूल हातात घेतलं आणि ओळखलं. तरवड. आमच्याकडे माळावर कुठंही उगवतो, कुणी ढुंकून बघत नाही. त्या गर्दीत ते फूल हातात धरून मी बराच वेळ उभी होते. व्यापाऱ्याला वाटलं मी भाव पाडतेय.

पल्लावरम

जुबेदानं विचारल्यावर तिच्या वडिलांनी मला जेवायला बोलावलं. अटीबिटी काही नाही, फक्त एवढंच की मॅडमनी आधी घर बघावं, मग कारखाना.

रहीमसाहेब साठीचे, उंच, पांढरी लुंगी आणि इस्त्रीचा सदरा. घरात तमिळ बोलत, माझ्याशी उर्दूत बोलले, त्यामुळे आमचं जमलं. ताटात जिऱ्यासारख्या बारीक तांदळाची मटण बिर्याणी होती आणि तिच्यासोबत आंबटगोड वांगी. त्यांच्या पत्नी पडद्याआडून पुन्हा पुन्हा वाढायला पाठवत होत्या.

मग कारखाना. मोठमोठी लाकडी पिंपं आडवी फिरत होती आणि त्यांतून ओली, निळसर कातडी बाहेर येत होती. वासाबद्दल लिहीत नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर तो कळेनासा होतो, आणि घरी गेल्यावर केसांतून पुन्हा येतो. रहीमसाहेबांनी काही लपवलं नाही. कातडी कुजू नयेत म्हणून मिठात घोळून येतात, ते मीठ धुऊन जमिनीत जातं. कातडी कमावायला वापरतात ती क्रोमची भुकटी पाण्यात जाते. त्यांच्या वडिलांच्या काळी तरवडाच्या सालीत कातडी महिना-सव्वा महिना भिजत पडायची. क्रोमनं तेच काम एका दिवसात होतं. मीठ तेव्हाही होतं, पण माल थोडा होता, असं ते स्वतःच म्हणाले.

मागच्या अंगणात एक विहीर होती, तोंडावर दगडी फरशी टाकलेली. पूर्वी आजूबाजूच्या बायका तिथून गोडं पाणी भरून न्यायच्या. जुबेदाच्या जन्माच्या सुमाराला पाणी मचूळ झालं, मग खारट. आता त्यांच्याच घरी टँकर यायचा. रहीमसाहेबांनी फरशीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, लहानपणी मी यात पोहलोय. मग आम्ही घरात परतलो.

जुबेदानं केसचा पहिला खर्डा काढला. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती एकेक वाक्य वाचून तमिळमध्ये सांगत गेली. ते डोळे मिटून ऐकत होते. विहिरीचा भाग आला, खाऱ्या पाण्याचा आला, शेजाऱ्यांच्या तक्रारीचा आला. त्यांनी कशालाही हरकत घेतली नाही. एका वाक्याला मात्र त्यांनी हात वर केला. जुबेदानं लिहिलं होतं की मालकाला या नुकसानीची कल्पना नव्हती.

मला कळावं म्हणून ते उर्दूत बोलले.

"ते वाक्य खोड. मला कल्पना नव्हती हे खरं नाही. मला ठाऊक होतं. रोज सकाळी ठाऊक होतं. तसं लिही."

जुबेदा म्हणाली, "अत्ता, लोक वाचतील." अत्ता म्हणजे तिच्या भाषेत बाबा.

"वाचू दे. ठाऊक असून काय केलं आणि काय केलं नाही, तेही लिही. मी सांगतो, तू लिहून घे."

ते दीड तास सांगत होते. पिंपांवर किती घरं जगतात, शेजारच्या कारखानदारांबरोबर मिळून पाणी साफ करायचा कारखाना घालायचं ठरत होतं आणि कुठं अडत होतं, जुन्या सालीकडे परत जायचा प्रयत्न दोन वेळा केला आणि गिऱ्हाइकानं माल परत कसा पाठवला. ती खाली मान घालून लिहीत होती. मधेच तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं आणि शाई पसरली. तिनं तो शब्द पुन्हा लिहिला.

मी शेजारी बसून होते. मला दादाची इतकी आठवण आली की तिथं बसवेना. मी त्याचा कारखाना पाहिला होता, ओढा पाहिला होता, झाडं मोजली होती. त्याला मात्र काही विचारलंच नव्हतं. त्याचं म्हणणं मीच परस्पर लिहून टाकलं होतं, एका वाक्यात.

संध्याकाळी अण्णा नगरला परतले. इंदिराबाई शुद्ध शाकाहारी, सोवळं पाळणाऱ्या. काय जेवलात, असं त्यांनी विचारलं आणि खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. बिर्याणी, म्हटलं.

"वांगीं होतीं कीं नाहीं सोबत?"

होती, म्हटलं.

"आमच्यासारखीं?"

मी म्हटलं, नाही, तुमची उजवी. त्यांचं समाधान झालं. मग न्हाणीघराकडे बोट करून म्हणाल्या, पाणी तापवून ठेवलें आहे.

सेंट्रल

शेवटच्या तासाला जुबेदानं केस वाचली. रहीमसाहेब मागच्या बाकावर येऊन बसले होते, गुडघे बाकात मावत नव्हते. मुलांना ते कोण हे ठाऊक होतं. नेहमी मालकाला झोडपणारी ती चाळीस मुलं त्या दिवशी उठून त्यांना प्रश्न विचारत होती, आणि ते उत्तरं देत होते. काही प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणत होते. एका मुलानं विचारलं, उद्या कोर्टानं बंद करा म्हटलं तर? ते म्हणाले, बंद करीन, आणि पुढचे कित्येक दिवस कुठं जायचं ते मला कळणार नाही. कुणी हसलं नाही. माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या मागच्या बाकाकडे जात होतं. तिथं रहीमसाहेबांच्या शेजारी जागा रिकामी होती.

निघायच्या दिवशी इंदिराबाई स्टेशनवर आल्या. गोपाळराव सामान चढवत असताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. तीन आठवड्यांत मी त्यांना दादाबद्दल थोडं थोडं करत सगळं सांगून टाकलं होतं.

"तुमची गाडी त्याच्या वाटेनें जाते काय?"

थोडी लांबून जाते, मी म्हटलं. सोलापूरवरून.

त्यांनी मान हलवली. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीबरोबर चार पावलं चालल्या आणि थांबल्या. आता त्यांच्या स्वयंपाकघरात दुपारी मराठीत कोण बोलणार, हा विचार मला गाडी बरीच पुढं गेल्यावर आला.

इचलकरंजी

तिकीट पुण्याचं होतं. सोलापूरला उतरले. एस.टी.नं सांगली, तिथून दुसरी एस.टी. दुपारी कारखान्याच्या फाटकाशी पोचले. वहिनीनं मला पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. दादा कोल्हापूरला गेला होता, चारच्या सुमारास येणार होता. आवारातल्या घरात पाहुणे होते, म्हणून तिनं मला कारखान्याच्या ऑफिसात बसवलं आणि चहा टाकायला गेली.

ऑफिसच्या खिडकीतून मागची बाजू दिसत होती. ओढ्याच्या अलीकडे सिमेंटच्या दोन नव्या टाक्या बांधलेल्या होत्या. नारळाची झाडं होती.

टेबलावर माझी शाळेतली इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, पुठ्ठ्याला पेपर चिकटवलेली. ती इथं कशी, म्हणून मी उघडली. आत घडी घातलेले कागद होते. माझी केस. कडा मऊ झाल्या होत्या. ओळींच्या मधल्या जागेत, जवळजवळ प्रत्येक ओळीत, पेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहिलेले होते. दादाचं अक्षर बारावीतल्यासारखंच, सुटं सुटं. त्या वाक्यापाशी आले. 'फिकीर नाही' यासाठी मी वापरलेल्या इंग्रजी शब्दावर त्यानं अर्थ लिहिला होता, आणि खात्री करून घेण्यासाठी असावं, डिक्शनरीतल्या त्या पानावरही खूण केलेली होती.

शेवटच्या पानावर माझे पाच प्रश्न होते. परीक्षेच्या पेपरात लिहावीत तशी त्यानं क्रमानं मराठीत उत्तरं लिहिली होती. पाणी किती लागतं, रंग कुठला जातो, टाकी घालायची तर जागा कुठं. पाचवा प्रश्न होता: या मालकाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

खाली लिहिलं होतं: मालक मीच आहे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं तर सांगेन.

वहिनी चहा घेऊन आली. थांबताय ना, म्हणाली. मी हो म्हटलं. कागद होते तसे घडी करून ठेवले, खुर्ची फाटकाकडे तोंड करून घेतली आणि त्याची वाट पाहत बसले. पिशवीत वही होती, ती बाहेर काढली नाही.